तिसरं प्रूफ

छापखान्यात तिला सगळे पूर्णविरामबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की पूर्णविरामबाई. कामच तसं होतं. लेखकानं दिलेलं मूळ लिखाण तिच्या पुढ्यात, छापून आलेलं प्रूफ नानांच्या पुढ्यात. ती मोठ्यानं वाचायची आणि नाना पेन्सिल धरून ओळीवरून सरकत जायचे. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं, शब्दांमधली चिन्हंसुद्धा. ‘तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू तू येणार होतीस अवतरण बंद पूर्णविराम नवा परिच्छेद.’ सकाळी दहा ते साडेपाच, सव्वीस वर्षं. एकदा बसमध्ये कंडक्टरला ती ‘शेवटचा थांबा पूर्णविराम’ असं म्हणाली, तेव्हा शेजारचा प्रवासी उतरेपर्यंत तिच्याकडे बघत होता.

पहिल्याच दिवशी नानांनी तिला या धंद्याचा एकुलता एक नियम सांगितला होता. “बाई, अर्थामध्ये शिरायचं नाही. गोष्ट वाचायला लागलात की डोळा पुढं पळतो, आणि डोळा पुढं पळाला की चूक मागं राहते. आपण फक्त शब्द बघायचे. गोष्ट काय, विकत घेणारा वाचेल.”

तिनं तो नियम असा अंगी मुरवला की नानांनाच पुढे नवल वाटायला लागलं. चारशेच्या वर पुस्तकं तिच्या तोंडातून गेली, पण त्यातल्या एकाचीही नायिका शेवटी मेली की जगली हे तिला सांगता आलं नसतं. नवरा वारला तेव्हा ती आठव्या दिवशी कामावर हजर झाली. समोर एक प्रेमकथा होती. ती तिनं खणखणीत आवाजात अखेरपर्यंत वाचली. नानांचेच डोळे भरून आले, त्यांनी दोन चुका सोडल्या. बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शब्द तोंडातून बाहेर जात होते, आत काही पोचत नव्हतं. त्या दिवसांत तिला तेवढाच आसरा होता.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी एक कादंबरी मालकांनी स्वतः वर आणून दिली. एरवी ते शिपायाच्या हातून पाठवायचे.

“जपून करा,” ते म्हणाले. “लेखिकाबाई मोठ्या आहेत. बक्षिसं मिळालीत.”

“विषय काय?” नानांनी विचारलं. नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा असा त्यांचा कायमचा थाट.

“देव आणि देह. हल्ली चांगलं लिहिणारे सगळे त्याच वाटेनं चाललेत. एका पानावर प्रार्थना, पान उलटलं की अंथरूण.”

“आमच्या तरुणपणी दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत असायचं,” नाना म्हणाले. “आणि एकाचं कुलूप वडिलांकडे.”

पहिल्या प्रूफाला नाना बेजार झाले. बाई विजेचं बिल वाचावं तशी वाचत होती, “तिच्या मानेवरून स्वल्पविराम खांद्यावरून स्वल्पविराम तो श्वास खाली उतरत गेला पूर्णविराम” आणि नानांचे कान लाल होत होते.

“बाई, जरा पाणी घ्या.”

“मला नको.”

“मला हवंय हो.”

मधे एकदा लेखिकाबाई येऊन गेल्या. चाळिशीच्या, बारीक कापलेले केस, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय. त्यांनी दारातच उभं राहून बाईंना विचारलं, “तुम्ही वाचताय ना माझं? कसं वाटलं?”

“दोनशे चौऱ्याऐंशी पानं झालीत,” बाई म्हणाली.

लेखिकाबाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या आणि जिना उतरून गेल्या.

*

घरी ती आणि छोटी. छोटी म्हणजे मुलगी. तेवीस वर्षांची झाली तरी छोटीच. औषधांच्या दुकानात कामाला होती. तिचं एका मुलाशी ठरत आलेलं लग्न मोडलं आणि तिची झोपच उडाली. जेवण बंद, बोलणं बंद, दुकानातून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. बाईनं महिनाभर वाट पाहिली आणि एका रविवारी तिला काकांकडे घेऊन गेली.

काका म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत. गावाच्या टोकाला झाडांमधलं एक दुमजली घर होतं, त्याला लोक शांतिघर म्हणत. रविवारी सकाळी दीड-दोनशे माणसं तिथं चटयांवर बसून डोळे मिटायची. काका कुठल्या देवाचं नाव घेत नसत, कुठलं पुस्तक उघडत नसत. नुसता श्वास मोजायला सांगत आणि अधूनमधून एखादं वाक्य बोलत, तेही इतक्या हळू की मागच्या रांगेतली माणसं पुढं वाकत. बाई पंधरा वर्षं त्या मागच्याच रांगेत बसत होती. तिथून आलं की तिला आठवडा ढकलायचं बळ मिळायचं, असं ती सांगायची. छोटीलाही मिळालं. दोन रविवारांत ती जेवायला लागली, चौथ्या रविवारी हसली.

कादंबरीचं पहिलं प्रूफ आलं तो आणि छोटीला पहिल्यांदा नेलं तो आठवडा एकच. दुसरं प्रूफ झालं त्या सुमाराला काकांनी छोटीला पुढच्या रांगेत बसवलं. तिसरं प्रूफ आलं त्या सोमवारी छोटीनं सांगितलं, “आई, मला या रविवारी एकांत मिळालाय. आणि काका म्हणतात, नंतर तिथंच राहायला ये. चार-पाच जणी राहतात. सेवा करायची, शांत राहायचं. दुकानात मी सांगून टाकलंय.”

एकांत म्हणजे काकांसमोर एकटीनं बसणं. वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाच्या खोलीत. तो सगळ्यांना मिळत नसे. बाईला अभिमान वाटला. आणि अभिमानाच्या खाली आणखी काहीतरी हललं, पाण्याखालून मासा जावा तसं. तिकडं तिनं पाहिलं नाही.

*

त्याच आठवड्यात तिचा घसा बसला. एका जाडजूड ग्रंथाची सूची वाचून वाचून आवाजाचा पार भुगा झाला होता. तिसरं प्रूफ शेवटचं, ते थांबवता येण्यासारखं नव्हतं.

“जागा बदलू,” नाना म्हणाले. “मी वाचतो, तुम्ही पेन्सिल धरा. सव्वीस वर्षांत एकदा तरी मला बोलू द्या.”

नानांचा आवाज कोरडा, सरकारी. बाई प्रूफावर नजर ठेवून ऐकत होती. पहिले दोन दिवस नीट गेले. गुरुवारी सकाळच्या चहानंतर नानांनी एकशे बारावं पान घेतलं.

“नवा परिच्छेद. अवतरण सुरू. घड्याळ काढ पूर्णविराम इथे वेळ तुझा नाही पूर्णविराम अवतरण बंद. तिने घड्याळ काढले पूर्णविराम. अवतरण सुरू. चष्मा खिडकीत ठेव पूर्णविराम पाहणारी बाहेर राहू दे पूर्णविराम अवतरण बंद. खिडकीला हिरवी काच होती स्वल्पविराम तिच्यातून आलेल्या उजेडात तिचे हात पाण्यात बुडाल्यासारखे दिसले पूर्णविराम. अवतरण सुरू. एकवीसपासून उलटे मोज पूर्णविराम शून्याला जे उरेल ते तुझे नसेल पूर्णविराम.”

बाईची पेन्सिल थांबली.

“चुकलं का काही?” नानांनी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. नाना पुढं वाचत गेले. शून्य झालं. त्या मुलीच्या छातीच्या मधोमध हात आला, मग तो हात तिथं राहिला नाही. आणि मुलगी रडली, कारण कित्येक महिन्यांनी तिला आपण जिवंत आहोत असं वाटलं होतं. ‘मला सुख झाले आणि ते माझे नव्हते,’ असं ती म्हणत होती. तिथं प्रकरण संपत होतं.

नानांनी कागद खाली ठेवला आणि वरचा चष्मा खाली घेतला. “हे मला समजत नाही, बाई. सुख झालं म्हणते, मग तक्रार कशाची? आणि तक्रार नसेल तर एवढं रडून लिहायचं कशाला? चांगली कादंबरी म्हणतात ती अशीच असते बहुतेक. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं तेच कळत नाही.”

बाई उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची हवा भरत होतं. तिला स्वतःचा सदतीसाव्या वर्षाचा हात दिसत होता, हिरव्या उजेडात बुडालेला. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. घड्याळ काढ. इथे वेळ तुझा नाही. हीच वाक्यं, अशीच, याच क्रमानं. तिनं ती कधी कुणाला सांगितली नव्हती. तिला वाटायचं, ती जगात फक्त तिच्यासाठी बोलली गेली होती.

आणि हे पान तिनं स्वतःच्या तोंडानं दोनदा वाचलं होतं. एकदा छोटीला तिथं न्यायच्या आधी तीन दिवस. एकदा छोटी पुढच्या रांगेत बसली तेव्हा. मोठ्यानं, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता.

मालक जेवायला गेल्यावर तिनं त्यांच्या टेबलावरून लेखिकाबाईंना फोन लावला. आवाज नीट फुटत नव्हता.

“छापखान्यातून बोलते. वाचणारी. पान एकशे बारा.”

“काही चुकलंय का?”

“खिडकीला हिरवी काच. ती वरच्या मजल्यावर ना, बोळाच्या टोकाला?”

“ती कादंबरी आहे,” लेखिकाबाई सावकाश म्हणाल्या. “सगळी पात्रं काल्पनिक आहेत. पहिल्याच पानावर तसं छापायचंय, तुम्ही वाचलं असेलच. मला वकिलानं एवढंच म्हणायला सांगितलंय.”

“मला त्या खोलीत तीनदा बोलावलं होतं.”

“मला पाचदा.” मग त्यांचा आवाज बदलला. “तुम्ही आता का विचारताय? कुणी जाणार आहे का तिथं?”

“मुलगी. रविवारी.”

“अहो, मग मला फोन काय करताय. तिच्याशी बोला. मला तक्रार लिहिता आली नाही म्हणून मी कादंबरी लिहिली. तक्रारीत लिहावं लागतं की मला ते नको होतं. तेवढं एक वाक्य मला खरं लिहिता येईना.”

*

ती घरी पोचली तेव्हा छोटी इस्त्री करत होती. पलंगावर पिशवी उघडी होती आणि तिच्यात साधे, फिक्या रंगाचे कपडे एकावर एक रचलेले.

“आई, घसा बघ तुझा. बोलू नकोस.”

“बोलायचंय. आधी हे वाच.”

तिनं प्रूफाचं पान पुढं केलं. छापखान्यातून कागद बाहेर न्यायचा नाही, हाही नियमच होता. छोटीनं इस्त्री उभी केली आणि उभ्याउभ्या भराभर वाचून काढलं.

“भाषा छान आहे.”

“बस, एवढंच?”

“आणखी काय? आमच्या दुकानातली एक जण असलंच वाचते. एक गुरू, एक बाई, एक बंद खोली. फॅशन आहे गं सध्या. आता मला रविवारी जायचंय म्हणून तुला हे सापडलं, होय ना?”

“एकवीसपासून उलटं मोजायचं, हीही फॅशन?”

“श्वास मोजायला सगळेच शिकवतात.”

“आणि हिरवी काच?”

छोटीनं पुन्हा पानाकडे बघितलं. मग आईकडे. “वरच्या खोलीला हिरवी काच आहे हे तुला काय माहीत? तू तर कायम मागच्या रांगेत असतेस.”

बाई पलंगाच्या कडेवर, कपड्यांच्या शेजारी बसली. तिनं सांगितलं. बसलेल्या घशानं, थांबत थांबत. छोटीनं इस्त्रीची पिन काढली आणि वायर गुंडाळत राहिली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली.

“किती वेळा?”

“तीनदा. मग बोलावलं नाही.”

“आणि तू जात राहिलीस.”

“हो.”

“पंधरा वर्षं? पुन्हा बोलावतील म्हणून?”

“असेल. मी तसं कधी स्वतःला विचारलं नाही.”

“आणि मला घेऊन गेलीस.”

बाईनं पिशवीतल्या वरच्या कपड्याची घडी सरळ केली.

“तुला बरं वाटलं होतं?” छोटीनं विचारलं. “खरं सांग. त्या खोलीत.”

इथं खोटं बोलणं सोपं होतं. एक ‘नाही’ म्हटलं असतं तर पिशवी रिकामी झाली असती. बाईच्या जिभेवर तो शब्द आला होता. पण पोरीची नजर तिच्यावर अशी रोखली होती की खोटं बोललं तर पुढचं एकही वाक्य तिनं मानलं नसतं.

“हो,” ती म्हणाली.

“मग मला का अडवतेस?”

“तुझा बाबा गेल्यापासून माझ्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. तिथं मला वाटलं, देवानंच लावला. मी हो म्हटलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. कारण मला विचारलंच नाही कुणी. घड्याळ काढून घेतलं, चष्मा काढून घेतला, मोजायला लावलं. शून्यापर्यंत गेलेलं माणूस नाही म्हणायच्या जागेवर राहिलेलं नसतं, छोटे. जे मला हवं होतं तेही त्यांनी चोरूनच दिलं.”

छोटीनं गुंडाळलेली वायर बाजूला ठेवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तुला हेवा वाटतोय का आई, माझा?”

खालच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“वाटतोय,” बाई म्हणाली. “थोडा आहेच. पण त्यामुळं बाकीचं खोटं होत नाही.”

“मी जाणार. मी स्वतः बघणार. तू म्हणतेस तसं काही असलं तर उठून येईन.”

“तेव्हा उठता येत नाही.”

“तुला आलं नाही.”

हे लागलं. बाईनं ते गिळलं आणि म्हणाली, “बरं. जा. पण दार उघडं ठेवून बसायचं. डॉक्टरसुद्धा बाईमाणसाला तपासताना दुसरी बाई उभी करतात. तू औषधांच्या दुकानात काम केलंस, तुला सांगायला नको.”

“ते तूच सांग त्यांना,” छोटी म्हणाली आणि पिशवीची चेन लावली.

*

रविवारी सामुदायिक बसणं संपल्यावर लोक चपला घालायला उठले, तेव्हा बाई छोटीच्या मागून जिना चढली. वर बोळाच्या टोकाला ताई बसल्या होत्या. ताई म्हणजे शांतिघराच्या कारभारीण, सत्तरीच्या, पाठ ताठ, मांडीवर घड्या घातलेले पंचे. कुणी आत जायचं आणि कुणी थांबायचं ते त्या नुसत्या भुवईनं सांगत.

“आई खाली थांबतील,” ताई म्हणाल्या.

“आई इथंच थांबेल. आणि दार उघडं राहील,” बाई म्हणाली.

तिचा आवाज फाटका होता, पण जिन्यापर्यंत ऐकू गेला. चपला घालणारी माणसं थबकली. दोघी-तिघी वर आल्या, मग आणखी काही जण. बोळ भरला.

काका दारात आले. पंधरा वर्षांत ते वाळले होते, गळ्याची कातडी सुटली होती. हसू मात्र तेच, समोरच्याचं सगळं आधीच माफ केल्यासारखं.

“माई,” ते म्हणाले, “दार उघडं हवं का? राहू दे की. कोंडून ठेवण्यासारखं इथं आहे काय?”

आणि दार खरोखर सताड उघडं राहिलं. बोळातल्या वीस-पंचवीस जणांनी पाहिलं. छोटीनं घड्याळ काढलं. चष्मा काढून खिडकीत ठेवला. हिरवा उजेड तिच्या हातांवर पडला. काका तिच्यापासून चांगले दोन हात लांब बसले, दोन्ही तळवे स्वतःच्या गुडघ्यांवर. आकडे उलटे जात राहिले. शून्य झालं. काही घडलं नाही. काकांचा हात जागचा हलला नाही. छोटीच्या गालांवरून पाणी आलं, तिचा चेहरा इतका मोकळा झाला की पाहणाऱ्या बायकांतली एक हुंदका देऊन रडायला लागली.

“झालं का समाधान?” कुणीतरी बाईच्या कानाशी म्हणालं. “देवमाणसावर संशय. तोही या वयात.”

बाई बघत होती. तिला समजत होतं की हे तिच्याचसाठी चाललंय. सव्वीस वर्षं ती छापलेलं बरोबर आहे का ते बघत आली होती. आज समोर सगळं बरोबर होतं आणि पेन्सिल टेकवायला तिला एकही जागा सापडत नव्हती.

छोटी चष्मा हातात घेऊन बाहेर आली. “काहीच नव्हतं, आई,” ती म्हणाली. रागानं नाही. कीव आल्यासारखी.

आतून काकांचा आवाज आला, तोच हळू, सगळ्यांना वाकायला लावणारा. “आता इथंच राहायचंय तिला. पुढच्या वेळी दार कसं असावं, ते तिनं ठरवावं. आईनंही नाही आणि मीही नाही.”

आज कुणीतरी विचारलं होतं. सगळ्यांसमोर, गोड शब्दांत.

“बंद चालेल,” छोटी म्हणाली.

बोळातली गर्दी समाधानानं हलली. बाई म्हणाली, “मी बाहेर बसेन. दर रविवारी.”

“एकांत काय रविवारीच असतो होय?” ताई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, माहिती होती.

“मग रोज येईन.”

“आणि तुमची नोकरी?”

“सोडेन.”

ताईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग भिंतीशी ठेवलेली एक लाकडी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि मांडीवरच्या पंच्यांतला एक घेऊन तिच्यावरची धूळ झटकली.

“बसा. मीपण अशीच आले होते.”

“कशी?”

“सुनेसाठी. लग्नाला वर्ष झालं होतं, तिच्या डोक्यात भरलं इथं यायचं. मी म्हटलं, एकटीला सोडायचं नाही. दाराशी खुर्ची टाकून बसले.”

“सून कुठं आहे आता?”

“ती दोन महिन्यांत कंटाळून गेली. तिला म्हणे काही वाटलंच नाही आत.” ताईंनी पंचा पुन्हा घडी केला, कडा कडेला जुळवून. “मुलगाही गेला तिच्याबरोबर. पत्र यायचं पूर्वी.”

“आणि तुम्ही?”

“मी सुरुवातीला दाराला कान लावून बसायचे. मग एक दिवस काका म्हणाले, ताई, तुम्ही थकलात, जरा आत येऊन बसा.” त्यांनी बोळाकडे पाहिलं. तिशीची एक बाई पुढं येत होती, काळजीनं खंगलेली, हाताच्या घड्याळाचा पट्टा आधीच सोडत. “चला, सरका. हिची वेळ झाली.”

ती तिशीची बाई आत गेली. आतून काकांनी नुसता हात केला आणि ताई दार ओढायला उठल्या.

बाईनं खुर्ची उचलली. ती जड होती, तिचा एक पाय फरशीवर घासून मोठा आवाज झाला. तिनं ती उंबऱ्यात नेली, दोन पाय आत आणि दोन पाय बाहेर, आणि तिच्यावर बसली.

“इथं नाही,” ताई म्हणाल्या. “बाजूला. तुमची जागा ती.”

“इथंच.”

“आई, ऊठ,” छोटी म्हणाली. ती पाठीमागं होती. तिचा आवाज लाजेनं बारीक झाला होता. “आई, सगळे बघतायत. ऊठ ना.”

बाई उठली नाही. तिनं मान वळवूनही पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती उठली असती. आत ती तिशीची बाई चष्मा हातात धरून घोटाळली होती. खिडकीत ठेवावा की परत घालावा, हे तिला ठरत नव्हतं. बोळात कुणी हललं नाही. ताईंचा हात दाराच्या कडीवर तसाच होता.

काका हिरव्या उजेडात डोळे मिटून बसले होते. त्यांना घाई नव्हती.